शंभर सीसीवरचा काळा कोट : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

सनद हातात आली, घरच्यांनी पेढे वाटले, काकांनी आपली जुनी स्प्लेंडर तुमच्या नावावर केली. आता तुम्ही सातारा किंवा सांगली जिल्ह्यात वकिली करायला मोकळे झालात. कायदा कॉलेजात शिकलात, कोर्टात कसं उभं राहायचं ते सिनिअर शिकवतील. घर ते कोर्ट एवढा मधला रस्ता मात्र कुणीच शिकवत नाही, आणि पहिली काही वर्षं तुमची निम्मी प्रॅक्टिस तिथेच होणार आहे. ही पुस्तिका त्या रस्त्यासाठी आहे. औषध कंपन्यांचे एमआर, बँकेतले नवे अधिकारी आणि झेडपीचे गुरुजी-बाई यांनीही ती वापरायला हरकत नाही. त्यांनी ‘कोट’ आला की तिथे टाय, इन केलेला शर्ट किंवा साडी वाचावं.

धडा १ : आधी नियम पाठ करा

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार पुरुष वकिलाला काळा कोट, पांढरा शर्ट, पांढरी कॉलर आणि पांढरे बँड लागतात. पँट पांढरी, काळी, करडी किंवा पट्ट्यापट्ट्यांची चालते. जीन्स चालत नाही, धोतर चालतं. म्हणजे पायात साखळी अडकून पडायचंच असेल, तर ते नियमात बसवून पडता येतं.

आणखी दोन नियम नवशिक्याच्या नजरेतून सुटतात. पहिला, वकिलाने कोर्टात नेहमी नीटनेटकं दिसलं पाहिजे. दुसरा, ठरावीक समारंभ सोडले तर बँड आणि गाऊन कोर्टाबाहेर सार्वजनिक जागी घालायचे नाहीत. हमरस्ता ही सार्वजनिक जागा आहे. तेव्हा गळ्यात बँड फडफडवत साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून जाणारा ज्युनिअर दिसायला कितीही रुबाबदार असला, तरी तो नियमभंग करतच कोर्टाकडे निघालेला असतो. बँड खिशात ठेवा. शर्टाच्या खिशात नको, तिथे पेन गळतं.

इतरांचेही कागद आहेत. ८ डिसेंबर २०२० च्या परिपत्रकाने राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपरला मनाई केली आणि शुक्रवारी खादी सुचवली. १५ मार्च २०२४ ला शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांना फिकट शर्ट, गडद पँट आणि शर्ट खोचलेला, असं कळवलं. सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून वाचा. त्यांत रंग आहे, कापड आहे, खोचायचं की नाही तेही आहे. रस्ता कुठेच नाही. पोशाख ठरवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नेहमी पोहोचलेला माणूस असतो. निघालेल्या माणसाचं ज्याचं त्याने बघायचं.

धडा २ : साहित्य

गाडी. शंभर सीसीची, नंबर एमएच १०, ११ किंवा ५०. हिरो आणि होंडा यांची कधीच फारकत झाली, पण फाट्यावरचा मेकॅनिक तिला अजून ‘हिरो होंडा’च म्हणतो, तुम्हीही म्हणा. बहुतेक गाड्यांना साखळी डाव्या अंगाला असते आणि सायलेन्सर उजव्या. म्हणून डावा पाय तेलाचा आणि उजवा पाय भाजण्याचा, हे पक्कं लक्षात ठेवा. चेन कव्हर शाबूत असू द्या. पुढच्या मडगार्डला खाली रबराची पट्टी लावून घ्या. ती नसेल तर पुढचं चाक रस्त्याचा पंचनामा थेट तुमच्या पँटवर लिहितं. गिअरला टाचेचा लिव्हर नसेल तर डाव्या बुटाच्या पाठीवर काळा पट्टा उमटतो. त्यावर दोन उपाय आहेत : बुटावर जुना मोजा चढवणे किंवा कोर्टात डावा पाय उजव्याच्या मागे ठेवून उभं राहणे.

हेल्मेट. आयएस ४१५१ चा शिक्का बघूनच घ्या. मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम तुम्ही परीक्षेला वाचलं असेल, आता ते डोक्यावर घालायचं आहे. केस बसतात ही तक्रार खरी आहे. पण वकिलांच्या पोशाखाच्या नियमात केसांविषयी अक्षर नाही, त्यामुळे ते कसेही असले तरी युक्तिवाद फेटाळला जात नाही.

वर्तमानपत्र. साताऱ्यात ‘ऐक्य’, एरवी जे घरी येत असेल ते. डिसेंबरच्या पहाटे छातीवर, बनियन आणि स्वेटरच्या मध्ये घालायला. शर्टाला थेट लावू नका, नाहीतर कालचा अग्रलेख पोटावर उलटा छापला जातो. तोच अंक पुढे ओलं सीट पुसायला, मग भिजलेल्या बुटात कोंबायला, आणि पुकारा होईपर्यंत उरला तर वाचायला.

प्लास्टिकचा कागद. फायलींसाठी. मोठ्या दुकानातल्या वॉटरप्रूफ बॅगा पहिल्या पावसापर्यंत चांगल्या असतात. युरियाच्या पोत्याच्या आतला कागद धुऊन, वाळवून वापरा. त्याने आजवर कुणाचा वकालतनामा भिजू दिलेला नाही.

रुमाल, तीन. एक तोंडाला, एक बुटांना, एक साहेबांसमोर काढायला. त्यांचा क्रम चुकवू नका.

धडा ३ : कोट नेण्याच्या पाच पद्धती

अंगावर घालून. सोपी आणि सर्वांत वाईट. कोट धूळ खातो, वारा काखेत शिरतो आणि लोक तुम्हाला वकील समजतीलच असं नाही. मिरजेत तर नाहीच. ते रेल्वेचं जंक्शन असल्यामुळे तिथे काळा कोट म्हणजे आधी टीसी. लग्नसराईत तर तुम्हाला थांबवून ‘बँडची गाडी मागनं येतीया का?’ असंही विचारतात.

मागच्या सीटवर, हुकाच्या दोरीने बांधून. कोर्टात पोहोचल्यावर दोरी आणि हूक जागेवर असतात.

सॅकमध्ये कोंबून. कोट पोहोचतो, पण जणू रात्रभर कोठडीत असल्यासारखा.

उलटा करून. हीच खरी पद्धत. अस्तर बाहेर काढा, एक खांदा दुसऱ्या खांद्यात बसवा, मध्ये वर्तमानपत्राची सुरळी ठेवून एकदाच दुमडा, कागदात गुंडाळा आणि सॅकमध्ये पाठीच्या बाजूला सपाट ठेवा. धूळ लागली तर अस्तराला लागते, आणि अस्तर कोर्ट तपासत नाही.

बाररूममध्येच ठेवणे. ही ज्येष्ठांची पद्धत. खिळा मिळेपर्यंत वर्षं जातात. मिळाल्यावरही तिथला कोट मालकापेक्षा गरजवंताचा असतो. कोट अडकवून घरी जायचं आणि सकाळी खिशात दुसऱ्याच्या सुपारीचा तुकडा शोधायचा, याला वकिलीत बंधुभाव म्हणतात.

धडा ४ : डागांचा भूगोल

पांढरा शर्ट सकाळी सगळ्यांचा सारखाच असतो. अकरा वाजता तो कोणत्या तालुक्यातून आला हे सिनिअरला लांबून कळतं. नवशिक्याने पुढची यादी तोंडपाठ करावी.

पिवळा. सांगली मार्केट यार्डाकडून आलात. हळदीचा हंगाम ऐन भरात असला की तिथल्या हवेतच हळद असते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते तुमच्या कॉलरलाही आपोआप लागू होतं. या डागाला घाईने साबण लावू नका. हळद क्षाराला भेटली की लाल होते. कुंकू करताना हळदीला चुना लावतात तो याचसाठी. म्हणजे निघालात हळद घेऊन आणि पोहोचलात कुंकू लावून, घरी संशयाला जागा. कोरड्या रुमालाने झटका, जमेल तेवढं गार पाण्याने काढा आणि सुट्टीच्या दिवशी शर्ट कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात उडतो. ज्या उन्हाला वर्षभर शिव्या घातल्या त्याचा हा एकमेव उपयोग.

काळा, बारीक, ठिपक्यांचा. साखर कारखान्याच्या वाऱ्याखालून आलात. गाळप हंगाम साधारण दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. तेवढ्या काळात धुराड्यातली काजळी आकाशातून हलकेच उतरते. नवशिका ती बोटाने पुसतो आणि ठिपक्याची रेघ करतो. काजळी पुसायची नाही, फुंकायची. भर कोर्टात एक वकील दुसऱ्याच्या खांद्यावर फुंकर घालताना दिसला तर तो मंत्र टाकत नाहीये, हंगाम चालू आहे.

निळसर. तासगाव, पलूस, मिरजेची पूर्व बाजू. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षबागांवर फवारण्या सुरू होतात. त्यात मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण असतं. ब्लोअर बागेत फिरतो, पण वाऱ्याला बांध कुठे संपतो ते माहीत नसतं. बागेच्या बाजूने ब्लोअरचा आवाज आला तर गाडी थांबवा, शेतकरी वळेपर्यंत वाट बघा. तोही तुमच्याकडे बघून हात करील. तो फवारा बंद करण्याचा इशारा नसतो, रामराम असतो.

तांबडा. जावळी, महाबळेश्वर, पाटणचा डोंगर. जांभ्याची माती. धुतल्यावर फिकट होते, जात नाही. काही पाटणकर वकिलांचे पांढरे शर्ट कायमचे बदामी झालेले असतात आणि त्यांना कुणी काही विचारत नाही.

काळा, जाड, ओला. कृष्णाकाठची काळी माती. ही शर्टापर्यंत जातच नाही, कारण त्याआधी चाक थांबवते. पहिल्या पावसात पाणंदीने आलात की माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये भरत जाते आणि मग इंजिन चालू, गिअर टाकलेला, तरी गाडी जागची हलत नाही. अशा वेळी उतरून काठीने माती खरवडावी लागते. बाभळीची काठी गाडीला कायमची बांधून ठेवा. कायद्याच्या पुस्तकांपेक्षा ती जास्त वेळा लागेल.

धडा ५ : पाऊस

सातारा जिल्ह्यात पाऊस ही एक गोष्ट नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशे पडला तर वर्ष चांगलं गेलं म्हणतात. याचा पोशाखाशी थेट संबंध आहे. समजा जुलैत तुमची दहिवडीला तारीख आहे. साताऱ्यातून रेनकोट, टोपी, गमबूट अशा जय्यत तयारीने निघालात. कोरेगावला भुरभुर. पुसेगावला कोरडं. पुढे धूळ. दहिवडीत लोक तुमच्याकडे अशा नजरेने बघतात की जणू पाऊस आणायचं कबूल करून हात हलवत आलात. नियम एकच : पुसेगावच्या अलीकडे, चहाच्या टपरीवर रेनकोट उतरवा. अंगावर वाळलेला रेनकोट आतून घामाने भिजवतो, आणि मग वर थेंब नसताना शर्ट ओला कसा, याचा खुलासा करत बसावं लागतं.

रेनकोटची पँट घालताना उजव्या पायाची जादा काळजी घ्या. सायलेन्सरला टेकली की ती वितळून तिथेच चिकटते. दोन्ही जिल्ह्यांतल्या अनेक सायलेन्सरांवर तुम्हाला वितळलेल्या प्लास्टिकचं काळं ठिगळ दिसेल, ती मागच्या वर्षीची रेनपँट.

सांगलीत पावसापेक्षा पाणी महत्त्वाचं. तिथे पावसाळ्यात हवामान विचारत नाहीत, ‘आयर्विनला किती?’ असं विचारतात. १९२९ पासून उभ्या असलेल्या या पुलापाशी ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका. चाळीस ऐकलं की मुदतीचा अर्ज लिहून ठेवा, पंचेचाळीस ऐकलं की गाडी उंचावर लावा. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा इस्त्रीचा विषय सगळ्या गावाने मिळून सोडून दिला होता.

धडा ६ : रस्त्यावरचे इतर पक्षकार

उसाचा ट्रॅक्टर. मागे दोन ट्रॉल्या, वर आकाशाला टेकलेला ऊस, मागचा दिवा असलाच तर उसाच्या आड, आणि पुढे मोठ्या आवाजात गाणी. ड्रायव्हरला तुमचा हॉर्न ऐकू येत नाही, ही त्याची चूक नाही, गाणंच तसं असतं. अंतर ठेवा. वरून सुटलेला ऊस भाल्यासारखा येतो. रस्त्यावर मळी सांडलेली असेल तर ब्रेक न लावता, श्वास रोखून, सरळ.

मेंढरं. थांबा, इंजिन बंद करा. कळप तुमच्या दोन्ही बाजूंनी निघून जाईल. त्यानंतर दोन तास कोर्टात शेजारची खुर्ची रिकामी राहते.

लिफ्ट मागणारे काका. हा खरा धडा. तुम्हाला बघून ते रस्त्याच्या मध्ये येतात.

‘वकीलसाहेब, फाट्यापातुर सोडा की.’

नाही म्हणायची सोय नाही, तुमच्या आजोबांना ते ओळखतात. ते बसतात. मांडीवर दुधाची किटली, बोटांना तंबाखूचा चुना. गाडी खड्ड्यात गेली की तीच बोटं तुमच्या खांद्यावर येतात आणि पांढऱ्या शर्टावर न दिसणारा चुना कोट घातल्यावर कसा दिसेल याची काळजी तुम्हाला लागते. त्यात मघाची हळद राहिली असेल तर काय होतं ते चौथ्या धड्यात आलंच आहे. मग प्रश्न सुरू होतात.

‘त्या बांधाच्या केसचं काय हुतंय म्हणायचं?’

हेल्मेटमधून निम्मंच ऐकू येतं. काळजी नको. ‘तारीख बघून सांगतो’ हे उत्तर कोणत्याही प्रश्नाला चालतं. फाटा आला की काका उतरतात, ‘लय उपकार झालं’ म्हणतात आणि वर सल्ला देतात : ‘जरा हळू मारत जावा गाडी.’ फी मिळत नाही, आशीर्वाद मिळतो. सुरुवातीच्या वर्षांत या दोन्हींत फार फरक नसतो.

धडा ७ : साडी आणि मागचं चाक

महिला वकिलांना पांढरी, काळी किंवा सौम्य रंगाची, बिननक्षीची साडी चालते, पंजाबी ड्रेसही चालतो. शिक्षिका, बँकेतल्या मॅडम यांचं साधारण असंच. गाडीवर मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं मागचं चाक झाकणारं संरक्षण असावं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांचा १२३ वा नियम सांगतो. त्यालाच आपण साडी गार्ड म्हणतो. हौशी भाऊ ‘लूक’ जातो म्हणून हे गार्ड काढून टाकतात. ते पुन्हा बसवायला लावा, नाहीतर भावाला साडी नेसवून मागे बसवा.

स्वतः स्कूटी चालवत असाल तर सनकोट, स्कार्फ, हातमोजे हा गणवेश तुम्ही कॉलेजपासून घालत आलाच आहात. खरं तर या विषयात पुरुषांनी तुमच्याकडूनच शिकायचं. सगळ्यावरून एक सनकोट चढवला की चौथ्या धड्यातले निम्मे डाग निकाली निघतात. पण ‘बायकांसारखा सनकोट’ घालायचा नाही, म्हणून पुरुष वकील काजळी अंगावर घेत राहतात. मर्दानगीचा धुलाई खर्च कुठल्याच दाव्यात वसूल होत नाही.

धडा ८ : पोहोचल्यावर

गाडी लावा, आरशात बघू नका. आधी पाहिलं तर हिंमत जाते. नळावर तोंड, मान, मनगटं धुवा. पहिला रुमाल. बूट पुसा. दुसरा रुमाल हरवला असेल तर बुटाचं टोक पोटरीच्या मागे पँटवर घासा. ही प्राचीन विद्या फक्त काळ्या पँटवर चालते, नियमात पांढरी पँट असूनही कुणी घालत नाही ते यामुळेच. मग केस, मग कोट, सर्वांत शेवटी बँड. या क्रमात बोर्डवर आपलं प्रकरण किती नंबरला आहे हे बघायचं राहून जातं. ते शिपायाला विचारा. तो तुमच्या शर्टाकडे बघून ‘तासगाव?’ म्हणेल.

धडा ९ : पुढची परीक्षा, कोल्हापूर

१७ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून कामकाज सुरू झालं. सातारा, सांगलीसह सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी चार दशकांहून अधिक काळ त्यासाठी मागणी लावून धरली होती. आधी उच्च न्यायालय म्हणजे मुंबई, म्हणजे रात्रीची गाडी आणि बॅगेत घडी घातलेला कोट. आता सांगलीहून अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले करत पन्नासेक किलोमीटर, म्हणजे दुचाकीच्या टप्प्यात.

आणि इथेच घोटाळा आहे. खालच्या कोर्टांत उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नसते, गाऊनचीही नसते. उच्च न्यायालयात उन्हाळ्याची सवलत नाही आणि गाऊन लागतोच. म्हणजे एप्रिलच्या उन्हात कोट, गाऊन, बँड आणि फायली असं सगळं शंभर सीसीवर लादायचं. न्याय दाराशी आला खरा, पण तो मोजून दोन थरांत घालून जायचा आहे. सातारकरांनी हा धडा वाचून सोडून द्यावा. सव्वाशे किलोमीटरला एसटी आहे.

धडा १० : शंकासमाधान

प्रश्न : एवढी काळजी घेऊन मी खरोखरच स्वच्छ पोहोचलो तर?
उत्तर : जपून. पक्षकार तुम्हाला खालून वर बघतो. बुटावर धूळ नाही, खांद्यावर काजळी नाही, म्हणजे हा चारचाकीचा वकील, फी परवडायची नाही. एखादा ठिपका राहू द्यावा.

प्रश्न : चारचाकी कधी घ्यावी?
उत्तर : घेतल्यावर काका लिफ्ट मागताना चौघं असतात.

प्रश्न : सगळं करूनही डाग पडतोच. कुणाला विचारू?
उत्तर : तुमच्याच पक्षकाराला. सत्तरीचे ते आजोबा बघा. तुमच्याच गावचे, तुमच्याच रस्त्याने आले, पांढरी टोपी, पांढरा नेहरू शर्ट, पांढरं धोतर, आणि अंगावर ठिपकासुद्धा नाही. त्यांचं तंत्र सोपं आहे. हे कपडे ते फक्त कोर्टाला आणि लग्नाला घालतात. पहिली एसटी पकडतात, चाकावरची सीट टाळतात, बसण्याआधी उपरणं अंथरतात, आणि पुकाऱ्याच्या दोन तास आधी येऊन झाडाखाली निवांत बसतात. त्यांना नीट विचारून घ्या. सल्ल्याची फी मागितली, तर ‘पुढच्या तारखेला देतो’ म्हणा. हे वाक्य तुम्ही त्यांच्याकडूनच शिकला आहात.